ताणावर उभं असलेलं चाक

बैलगाडीच्या चाकावर धाव चढवायचं काम गावात दोघांचं असायचं, सुताराचं आणि लोहाराचं. लोखंडी धाव लाकडी घेरापेक्षा जरा लहानच करायची, गोवऱ्यांच्या जाळात लाल होऊन ती फुगली की चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची आणि लगोलग पाणी ओतायचं. थंड होताना धाव आकसते, सांधे करकरतात आणि सगळे आरे तुंब्यावर दाबून बसतात. हे चाक दाबावर टिकतं. आरा जाडजूड लागतो तो त्यामुळेच, कारण दाबाखाली बारीक काठी वाकून जाते.

सायकलच्या चाकात सगळं उलटं आहे. दोन मिलिमीटर जाडीची पोलादी तार दोन टोकांनी दाबली तर बोटांच्या जोरानेही वाकते. तीच ओढली, तर अडीचशे किलोंचा भारही सोसते. म्हणून सायकलच्या तारा कायम ओढलेल्या ठेवतात आणि दाब सोसायचं काम रिमकडे देतात. ३२ तारांच्या चाकात प्रत्येक तार सरासरी १०० किलोंच्या जोराने ओढलेली असेल, तर रिमला आत खेचणारी एकूण ओढ ३,२०० किलो होते. त्यामुळे रिमच्या कुठल्याही छेदावर सुमारे ५०० किलोंचा दाब येतो. भिंतीला टेकवून ठेवलेल्या, कुणीही न बसलेल्या सायकलच्या चाकातही हे बळ दिवसरात्र कोंडलेलं असतं.

ही कल्पना सायकलीहून जुनी आहे. इंग्लंडच्या जॉर्ज केलींनी १८०८ साली आपल्या उडत्या यंत्रासाठी हलकं चाक हवं म्हणून ताणलेल्या दोऱ्यांचं चाक कागदावर मांडलं होतं. सायकलीला तारांचं चाक दिलं ते पॅरिसच्या युजीन मेयर यांनी. त्यांचं पेटंट १८६९ चं. पुढे कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली यांनी १८७४ मध्ये तारा हबच्या मध्यातून सरळ न काढता स्पर्शरेषेत तिरक्या काढायची पद्धत आणली. आज आपण जे चाक वापरतो त्याचा सांगाडा तेव्हाच ठरला. दीडशे वर्षांत धातू सुधारले, टायर हवेचा झाला, पण तत्त्व तेच राहिलं.

अलीकडे पुण्या-मुंबईत, नाशिक-नागपुरात लांब पल्ल्याच्या सायकलस्वारीचं वेड वाढलं, तसं आपल्या मापाचं चाक हाताने बांधून घेणारेही दिसू लागले. त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा ‘कोणती रिम घेऊ?’ असा असतो. प्रश्न चुकीचा नाही, पण तो तिसरा-चौथा यायला हवा. चाक ताणावर उभं असतं. तेव्हा प्रत्येक भाग निवडताना आधी एकच विचारायचं: यामुळे ताण पुरेसा राहील का, सगळ्या तारांत सारखा राहील का आणि वर्षानुवर्षं टिकेल का? बाकीची चर्चा मग आपोआप जागेवर येते.

भार खालच्या तारांवर

चाकाच्या आसावर स्वाराचं वजन येतं, तेव्हा आस वरच्या तारांना लटकतो असं आपल्याला वाटतं. जॉब्स्ट ब्रँट या अमेरिकी अभियंत्याने १९८१ साली ‘द बायसिकल व्हील’ या पुस्तकात हिशेब मांडून दाखवला तो वेगळाच. भार आला की वरच्या तारांच्या ताणात जेमतेम फरक पडतो. बदल होतो तो जमिनीलगतच्या चार-पाच तारांत, आणि तिथे ताण कमी होतो. आधीच ओढलेल्या तारेचा ताण कमी होणं म्हणजे तिने तेवढा दाब सोसणं. लाकडी आऱ्याचंच काम ही बारीक तार करते, फक्त आधी ताण साठवून ठेवलेला असतो म्हणून ते तिला जमतं. यावर सायकलवाल्यांमध्ये बरेच वाद झाले, पण ताणमापक लावून पाहिलं की आकडे हेच सांगतात.

यातून पहिला नियम निघतो. खालची तार भाराखाली सैल पडता कामा नये. सैल पडली की तिने सोसायचा वाटा शेजारच्या तारांवर जातो, तारेला रिममध्ये धरून ठेवणारं निपल हळूहळू फिरून सुटू लागतं आणि चाक डगमगतं. म्हणून रिम परवानगी देईल तितका ताण ठेवायचा. बहुतेक आधुनिक रिमना ही मर्यादा १०० ते १२० किलोंच्या आसपास असते आणि उत्पादक ती लिहून देतात. त्यापलीकडे गेलं तर तार तुटत नाही, रिम हार मानते. ती दोन ठिकाणी डावीकडे आणि दोन ठिकाणी उजवीकडे वळते, आणि सगळी मेहनत वाया जाते.

हा ताण किती सूक्ष्म अंतरात साठवलेला असतो तेही पाहण्यासारखं आहे. २९४ मिलिमीटर लांबीची, सगळीकडे दोन मिलिमीटर जाडीची तार १०० किलोंनी ओढली की ती ताणली जाते अवघी ०.४६ मिलिमीटर. तारेवरचे आटे इंचाला ५६ असतात, म्हणजे निपलचा एक पूर्ण फेरा ०.४५ मिलिमीटरचा. रिमही थोडी आकसत असल्यामुळे प्रत्यक्षात चावी जास्त फिरवावी लागते, पण तारेपुरतं बोलायचं तर चाकाला उभं ठेवणारी सगळी पुंजी निपलच्या एका फेऱ्याएवढी आहे. खड्ड्यात चाक आपटून रिम तेवढी आत दबली की ती तार त्या क्षणी पूर्ण सैल होते.

आणि तारा तुटतात त्या जोराने ओढल्यामुळे नाही, थकल्यामुळे. ७००सी चाकाला ३५ मिलिमीटरचा टायर असेल तर एका किलोमीटरला चाक साधारण ४६० वेळा फिरतं. ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हेत, म्हणजे ठरलेल्या वेळात पुऱ्या करायच्या लांब सायकलस्वारीत, प्रत्येक तारेचा ताण पावणेतीन लाख वेळा उतरतो आणि चढतो. हबजवळ जिथे तार काटकोनात वळलेली असते, तिथे धातूला बारीक चीर पडते, ती वाढत जाते आणि एखाद्या सपाट, निर्धोक रस्त्यावर ‘टण्’ असा आवाज येतो. सैल बांधलेल्या चाकात हा चढउतार जास्त असतो आणि तार वळणापाशी हलतेही, म्हणून तिथे तारा आधी तुटतात.

तारा किती आणि कोणत्या

एक उदाहरण धरून चालू. स्वाराचं वजन ८५ किलो, सायकल आणि सामान मिळून २५, टायर ३५ मिलिमीटर, डिस्क ब्रेक. वर्षभरात दोन-चार ब्रेव्हे आणि पावसाळ्यात कोकणातली एखादी भटकंती. शर्यत जिंकायची नाही, पण ४० तासांच्या आत ६०० किलोमीटर पुरे करायचे आहेत, आणि रात्री अडीच वाजता घाटात चाक दगा देता कामा नये.

अशा वापराला पुढे ३२ आणि मागे ३६ तारा शोभतात. मागच्या चाकावर भार जास्त येतो हे जुन्या कारागिरांनाही ठाऊक होतं. इंग्लिश रोडस्टर सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० तारा असायच्या. साठ-पासष्ट किलोंच्या, सामान न बाळगणाऱ्या स्वाराला २८ पुरतात. २० किंवा २४ तारांची तयार चाकं दिसायला देखणी आणि वाऱ्याला हलकी असतात, पण त्यांतली एक तार तुटली की रिम इतकी सरकते की टायर फ्रेमला घासू लागतो. ३६ मधली एक गेली तर ब्रेव्हे पुरी करून घरी येता येतं.

तारेच्या जाडीत एक चकवा आहे. सगळीकडे दोन मिलिमीटर असलेली तार जास्त मजबूत वाटते. पण टोकांना दोन मिलिमीटर आणि मधे १.८ किंवा १.५ अशी बारीक केलेली तार, जिला ‘डबल बटेड’ म्हणतात, ती जास्त टिकते. कारण वरच्याच हिशेबात आहे. मधे १.५ मिलिमीटर असलेली तार तेवढ्याच १०० किलोंनी सुमारे पाऊण मिलिमीटर ताणली जाते. रिम अर्धा मिलिमीटर आत दबली तरी तिच्यात ताण शिल्लक राहतो. शिवाय धक्का मधल्या लवचीक भागात जिरतो, वळणापाशी आणि आट्यांपाशी कमी पोहोचतो. स्वित्झर्लंडच्या डीटी स्विसची ‘कॉम्पिटिशन’ आणि बेल्जियमच्या सॅपिमची ‘रेस’ या २-१.८-२ मिलिमीटरच्या तारा जगभरचे कारागीर डोळे झाकून वापरतात. मधे चपटी केलेली सॅपिमची ‘सीएक्स-रे’ महाग पडते, पण ती बांधताना पीळ पडला तर डोळ्यांना दिसतो, ही तिची खरी सोय.

आपल्या उदाहरणात मागच्या चाकाच्या गिअरकडच्या बाजूला आणि पुढच्या चाकाच्या डिस्कच्या बाजूला १.८ ची तार घ्यावी, आणि उरलेल्या बाजूंना १.५ किंवा १.७ ची. या उरलेल्या बाजूंना ताण कमी असतो, त्याचं कारण पुढे हबमध्ये येईल. कमी ताणाच्या बाजूला बारीक तार देणं उलटं वाटेल, पण तिथेच सैल पडायचा धोका जास्त असतो आणि बारीक तार सैल पडायला वेळ लावते. धातू स्टेनलेस स्टीलच हवा. जस्ताचा मुलामा दिलेल्या स्वस्त तारा समुद्राकाठच्या हवेत दोन पावसाळ्यांत तांबूस दिसू लागतात.

निपल या इवल्या भागावर फारसं कुणी बोलत नाही. पितळी निपल एक ग्रॅमचं असतं, अॅल्युमिनियमचं ०.३ ग्रॅमचं. ३२ तारांमागे वाचतात २२ ग्रॅम. त्याच्या बदल्यात अॅल्युमिनियम खाऱ्या हवेत झिजतं, कार्बन रिमला लागून असेल तर आणखी लवकर, आणि चार वर्षांनी चावी लावताच निपलचे कोपरे गोल होतात. कोकण-गोव्यात सायकल चालवणाऱ्याने पितळेपलीकडे पाहू नये.

रिम: वजनाआधी घडण

आता रिम. दोन भिंतींची, पोकळ पेटीसारख्या छेदाची अॅल्युमिनियम रिम आपल्या उदाहरणाला योग्य. अशा ताठ रिमवर भार आला की तो चारऐवजी पाच-सहा तारांत वाटला जातो आणि एकेका तारेचा चढउतार कमी होतो. म्हणजे रिमचा ताठपणा तारांचं आयुष्य वाढवतो. ५०० ग्रॅमच्या आसपासची रिम या वापराला जड नाही. रिमवरच्या वजनाचा वेग घेताना दुप्पट हिशेब होतो हे खरं. पण दोन्ही रिम मिळून २०० ग्रॅम वाचवले, तर ११० किलोंच्या एकूण भारात तो फरक ४०० ग्रॅमचा, म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी. घाट एका लयीत चढताना तर दुप्पट हिशेबही लागू होत नाही, वाचलेले २०० ग्रॅम २०० ग्रॅमच राहतात.

रिमच्या आतल्या रुंदीवर टायरचा आकार ठरतो. ३५ मिलिमीटरच्या टायरला २१ ते २३ मिलिमीटर आतली रुंदी छान बसते. काठ आतून वळवलेली रिम घ्यावी. सरळ काठाच्या ‘हूकलेस’ रिमवर हवा ५ बारपेक्षा, म्हणजे सुमारे ७२ पीएसआयपेक्षा जास्त भरता येत नाही आणि टायरही ठरावीकच चालतात. खेडेगावात मिळेल तो टायर घालायची वेळ आली तर ही अट आडवी येते.

ज्यांची सायकल रिम ब्रेकची आहे त्यांनी रिमला झिजणारा भाग समजावं. पावसात ब्रेकच्या रबरात वाळू अडकते आणि प्रत्येक उतारावर भिंत खरवडली जाते. अनेक रिमवर झीज दाखवणारी बारीक खाच असते. ती दिसेनाशी झाली की रिम बदलायची, पुढच्या पावसाळ्याची वाट पाहायची नाही. कार्बनची खोल रिम वारा कापते, पण आडव्या वाऱ्यात हँडल हिसकते, आणि रिम ब्रेक असेल तर लांब उतारावर तापते. तिचा फायदा ताशी ३५ किलोमीटरने धावणाऱ्याला होतो. रात्रभर ताशी २० ने जाणाऱ्याने ते पैसे तारांत, हबमध्ये आणि बांधणाऱ्याच्या हातात घालावेत.

मापांचा गोंधळ मात्र आधीच मिटवायला हवा. ‘२८ इंची’ म्हटलं की एका दुकानात ७००सी देतात आणि दुसऱ्यात आपल्या जुन्या काळ्या सायकलचा टायर. पहिल्याची टायर बसायची जागा ६२२ मिलिमीटर व्यासाची, दुसऱ्याची ६३५. तेरा मिलिमीटरचा फरक कुठल्याही पान्ह्याने भरून निघत नाही. टायरच्या कडेला ‘३५-६२२’ असे दोन आकडे असतात, पहिला रुंदीचा, दुसरा व्यासाचा. खरेदी त्यांवरून करावी, इंचांवरून नको.

हब

हब हा चाकाचा सर्वांत दीर्घायुषी भाग. दोन रिम झिजल्या तरी चांगला हब कामात असतो, म्हणून इथे हात आखडू नये. निवडताना आधी फ्रेमचं माप पाहायचं. डिस्क ब्रेकच्या रोड सायकलींना आता बहुधा पुढे १०० आणि मागे १४२ मिलिमीटर रुंदीचे, १२ मिलिमीटरचा थ्रू अॅक्सल घेणारे हब लागतात. जुन्या रोड सायकलींना मागे १३० आणि क्विक रिलीज. मग कॅसेट कोणत्या खाचांची हे पाहायचं. हे जुळलं नाही तर पुढची चर्चाच निरर्थक.

त्यानंतरचा प्रश्न बेअरिंगचा. कप-कोनच्या हबमध्ये सुटे छर्रे असतात. शिमानोच्या सर्वसाधारण हबमध्ये मागे प्रत्येक बाजूला पाव इंची नऊ. ग्रीस संपलं तर तालुक्याच्या गावचा मिस्त्रीही ते उघडून धुऊन, नवे छर्रे घालून, कोन आवळून देतो. मात्र दुर्लक्ष झालं आणि आतल्या वाटीला खड्डे पडले की हबच बाद. सीलबंद कार्ट्रिज बेअरिंगमध्ये उलट आहे. वाटेत दुरुस्ती होत नाही, पण बेअरिंगवर ६९०२ सारखा क्रमांक असतो आणि तो मोठ्या शहरातल्या बेअरिंगच्या दुकानात सांगितला की नग मिळतो. घेण्याआधी क्रमांक सर्रास मिळणारा आहे ना, एवढं पाहावं.

रात्रभर चालणाऱ्याला पुढच्या हबमध्ये डायनॅमो घेता येतो. शिमानो किंवा जर्मनीतल्या ट्यूबिंगनच्या श्मिट कंपनीचा असा हब ६ व्होल्ट, ३ वॅट वीज देतो आणि दिव्याची बॅटरी संपायची चिंता मिटते. पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस या ब्रेव्हेच्या १,२०० किलोमीटरमध्ये ९० तासांची मर्यादा असते, म्हणजे तीन-चार रात्री रस्त्यावर. तिथे हे डायनॅमो हब जागोजागी दिसतात.

तारा जिथे अडकतात त्या हबच्या दोन चकत्यांमधलं अंतरही ताणाशी जोडलेलं आहे. मागे उजवीकडे ११-१२ गिअर मावायचे म्हणून त्या बाजूची चकती रिमच्या मध्यरेषेपासून जेमतेम १८ मिलिमीटरवर येते, डावीकडची मात्र ३५ वर. रिम मधोमध ठेवायची तर उजव्या तारांना १२० किलो ताण दिल्यावर डाव्या तारांना मिळतात फक्त ६० च्या घरात. मागच्या चाकाच्या डाव्या तारा आधी का सैल पडतात याचं उत्तर हे आहे. उपाय दोन. डावीकडे बारीक तारा, आणि भोकं मध्यापासून बाजूला सरकवलेली असमान रिम. भोकं तीन मिलिमीटर डावीकडे सरकली तरी डावा ताण ६० वरून ८० किलोंच्या जवळ जातो. ‘ऑफसेट’ लिहिलेली रिम पाहून दुकानदाराला चूक झालीय असं वाटतं, पण ती घडणच तशी असते. पुढच्या चाकात डिस्कमुळे हाच प्रकार डावीकडे होतो.

तारांची गुंफण

तार हबपासून रिमपर्यंत सरळ नेली तर चाक हलकं आणि सुबक दिसतं. पण पेडल मारताना हब आधी फिरतो आणि रिमला ओढून नेतो. डिस्क ब्रेक लावताना हब थांबतो आणि रिमला थांबवतो. हा पीळ पोहोचवायला तार हबला स्पर्शरेषेत हवी. म्हणून मागचं चाक आणि डिस्क ब्रेकचं पुढचं चाक नेहमी गुंफूनच बांधतात. रिम ब्रेकच्या पुढच्या चाकात ब्रेक थेट रिमलाच पकडतो, हबमधून पीळ जात नाही, म्हणून तिथे सरळ तारा चालतात, अर्थात हबच्या उत्पादकाने परवानगी दिली असेल तरच. सरळ ओढीने चकतीचा तुकडा उडू शकतो. ३२ आणि ३६ तारांना प्रत्येक तारेने त्याच बाजूच्या तीन तारा ओलांडायच्या, ही ‘थ्री क्रॉस’ पद्धत सगळ्या कामांना पुरते.

तारेची लांबी इथूनच ठरते. तिला चार गोष्टी लागतात: निपल जिथे बसतं तिथला रिमचा व्यास, हबच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास, चकतीचं मध्यरेषेपासून अंतर आणि गुंफण. रिमचा व्यास ६०० मिलिमीटर, भोकांचं वर्तुळ ३८, चकती ३५ वर, ३२ तारा आणि थ्री क्रॉस धरलं तर उत्तर येतं २९४ मिलिमीटर. त्याच हबवर सरळ तारा लावल्या तर २८२. दोन मिलिमीटरची चूक झाली तर एक तर आटे निपलमध्ये पुरेसे शिरत नाहीत, नाहीतर तारेचं टोक रिममधून वर येतं. हिशेब करून देणारी साधनं फुकट मिळतात, पण रिमचा व्यास छापील आकड्यावर न सोडता दोन तारांना निपल लावून स्वतः मोजावा, असा चांगल्या कारागिरांचा शिरस्ता आहे.

प्रत्यक्ष बांधणी

तारांच्या आट्यांना जवसाचं तेल किंवा ग्रीस लावून कारागीर हब मांडीवर घेतो. एका चकतीतल्या एक सोडून एक भोकात तारा ओवतो आणि व्हॉल्व्हच्या भोकाशेजारून सुरुवात करून रिमच्या दर चौथ्या भोकात त्या अडकवतो. मग दुसऱ्या बाजूच्या तारा. मग हब फिरवतो, सगळ्या तारा एका दिशेला कलतात, आणि उरलेल्या तारा उलट दिशेने येऊन दोन तारांवरून जातात आणि तिसरीच्या खालून निघतात. नीट बांधलेल्या चाकात व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंच्या तारा जवळपास समांतर असतात, म्हणजे पंपाचं तोंड बसायला जागा राहते. हबवरचं नाव व्हॉल्व्हच्या भोकातून वाचता येतं, ही कारागिराची सही.

यानंतरचं काम सावकाशीचं. सगळी निपलं सारखीच फिरवत, अर्धा-अर्धा फेरा करत ताण वाढवायचा. स्टँडवर चाक फिरवून ते वरखाली उडतंय का, डावी-उजवीकडे झुकतंय का आणि मध्यरेषेवर आहे का, हे आळीपाळीने पाहायचं. एक दुरुस्त करताना दुसरं बिघडतं, म्हणून शेवटी पाव फेऱ्याची, मग त्याहूनही कमी फेऱ्याची दुरुस्ती उरते. बारीक तार चावीबरोबर पीळ खाते, म्हणून ती जरा जास्त फिरवून थोडी मागे आणायची. मधूनच कारागीर तार बोटाने छेडतो. एका बाजूच्या तारा तंबोऱ्याच्या जोडीसारख्या एकाच सुरात बोलल्या तर ताण सारखा आहे. ताणमापक आकडा देतो, पण वेगळी तार कान लवकर पकडतो. चाक सरळ असणं आणि ताण सारखा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन तारा फार ओढून आणि शेजारच्या दोन सोडूनही चाक सरळ दिसतं, पण ते शंभर किलोमीटर सरळ राहत नाही.

शेवटची पायरी बाहेरून दिसत नाही आणि घाईत तीच गाळली जाते. कारागीर समांतर तारांच्या जोड्या हातमोजे घालून मुठीत जोराने आवळतो, चाकभर, दोन्ही बाजूंनी. तार वाकवताना वळणाच्या जागी आत राहिलेला ताण या जादा ओढीने मोडतो आणि तार हबच्या भोकात पक्की बसते. ब्रँटचा या कृतीवर फार भर होता, कारण थकून तुटणाऱ्या तारांचं आयुष्य तिने वाढतं. आवळल्यावर चाक पुन्हा तपासायचं. ते हललं असेल तर आणखी एक फेरी, हलेनासं झालं की काम झालं.

कारखान्यातली यंत्रं तारा भरतात आणि चाक सरळही करतात, त्यांतली बरीच चाकं चांगली असतात. पण यंत्राला वेळ मोजून दिलेला असतो. ताण थोडा कमी आणि आवळणं अपुरं राहण्याची शक्यता तिथे जास्त. नाक्यावरच्या मिस्त्रीकडे याच्या उलट परिस्थिती असते. सायकल उलटी करून, ब्रेकच्या रबराशी बोट धरून तो चाकाचा आउट काढतो, तेव्हा त्याच्या हाताला तारेची नेमकी जाण असते. कमतरता असते ती मापाच्या तारांची आणि ताणमापकाची. या दोन गोष्टी आपण नेऊन दिल्या आणि तासाभराऐवजी अर्ध्या दिवसाची मजुरी दिली, तर त्याच हातून उत्तम चाक उभं राहू शकतं.

नव्या चाकाचा ताण पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर एकदा तपासून घ्यावा, तोही टायर काढून, कारण टायरमधली हवा रिमला दाबते आणि ताण कमी दाखवते. तपासताना चारही बाजूंच्या तारांची लांबी, रिमचं नाव आणि मोजलेला ताण वहीत लिहून ठेवावा, आणि प्रत्येक लांबीच्या दोन जादा तारा फ्रेमला चिकटपट्टीने बांधाव्यात. ही नोंद खरी उपयोगी पडते ती काही वर्षांनी, रिम झिजल्यावर किंवा खड्ड्यात दबल्यावर. तेवढ्याच व्यासाची नवी रिम जुनीला लागून चिकटपट्टीने बांधायची आणि एकेक तार सोडून शेजारच्या रिममध्ये अडकवायची. गुंफण तशीच राहते, हब तोच राहतो, तारा धड असतील तर त्याही त्याच. खर्च एका रिमचा आणि एका दुपारच्या कामाचा. हबवर खर्च करा आणि रिम सहज मिळणारी निवडा, हा सल्ला त्या दुपारी वसूल होतो.